खारदांड्यातून रेडिओवर: निवेदक घडण्याची कृती

खारदांड्यातल्या ज्या मुलामुलींना रेडिओवर बोलायचं आहे, त्यांच्यासाठी ही कृती आहे. दहावीत असाल तरी चालेल, पदवी झाली असेल तरी चालेल. घरात मासळीचा धंदा असो, वडील बेस्टमध्ये असोत की आई पाली हिलवर कामाला जात असो, सुरुवात सगळ्यांची एकाच ठिकाणाहून होते. साधारण दोन वर्षं धरा. पहिल्या वर्षी पैसा जवळजवळ लागत नाही, वेळ मात्र रोजचा लागतो.

जागेच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. खार स्टेशनवरून एका बाजूची गाडी धरली की चर्चगेटला आकाशवाणी, दुसऱ्या बाजूची धरली की बोरिवलीला गोराई रोडवर विविध भारती. कालिन्याला मुंबई विद्यापीठाचा स्वतःचा रेडिओ. आणि दांड्याला अगदी खेटून असलेल्या युनियन पार्कच्या रहिवाशांच्या संघटनेने तर ‘जागो मुंबई’ 90.8 हे सामुदायिक रेडिओ केंद्रच उभं केलं. 23 जुलै 1927 ला मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं, त्याला शंभर वर्षं होत आली. एवढ्या काळात कोळीवाडा रेडिओवर आला तो बहुतेकदा गाण्यातून. गाणं संपल्यावर माइकवर जो बोलतो, तो आपल्यातला का नसावा? मी हे लिहिते आहे ते त्यासाठी.

साहित्य

एक साधा मोबाइल, तारेचा इअरफोन, दोनशे पानी वही, पेन्सिल, एक जाड गोधडी. कॉम्प्युटर मिळाला तर त्यावर ‘ऑडॅसिटी’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. माइक विकत घेऊ नका, निदान पहिले सहा महिने. महागडा माइक आणून ठेवला आणि लिहिता-वाचता येत नाही म्हणून तो कपाटात गेला, अशी घरं मी पाहिली आहेत.

पायरी 1: कान तयार करा

बोलायची घाई करू नका. पहिला महिना फक्त ऐका, पण वही समोर ठेवून ऐका. तीन तऱ्हेची केंद्रं निवडा. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर 558 किलोहर्ट्झला लागते. आता साधा रेडिओ घरात नसतो, तेव्हा सरकारी ‘न्यूजऑनएअर’ ॲपवर ऐका. दुसरी विविध भारती, 102.8 वर. तिसरं एखादं खासगी एफएम, 91.1, 93.5 किंवा 98.3, तुम्हाला आवडेल ते.

रोज एकाच केंद्राचा अर्धा तास घ्या. गाणी लागली की पेन खाली ठेवा, माणूस बोलायला लागला की उचला. तो पहिलं वाक्य काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहा. किती सेकंद बोलला ते लिहा. गाण्याच्या सुरावटीवर बोलत असेल तर गायकाचा आवाज सुरू व्हायच्या किती आधी थांबला, ते लिहा. शेवटचं वाक्य लिहा. मधलं सोडून द्या. आठवड्याभरात तुमच्या लक्षात येईल की चांगला निवेदक कधीही ‘आता आपण ऐकणार आहोत’ने सुरुवात करत नाही. तो एखाद्या गोष्टीपासून, माणसापासून, घटनेपासून सुरुवात करतो आणि गाण्याचं नाव शेवटी ठेवतो.

जुने कार्यक्रम मिळतील तिथे ऐका. मुंबई केंद्रावरचा ‘प्रपंच’ घरोघर ऐकला जायचा. त्यातला बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू यांचा संवाद ऐकलात तर कळेल की ती माणसं श्रोत्यांना काही ‘सांगत’ नाहीत, आपसात बोलतात आणि श्रोता भिंतीपलीकडून ऐकतो. दांड्यात भिंती पातळ असतात. हा ऐकण्याचा प्रकार आपल्याला शिकवावा लागत नाही.

पायरी 2: जीभ तयार करा, पण बोली घालवू नका

ही पायरी मी सगळ्यात लांब लिहिणार आहे, कारण आपली मुलं इथेच मागे हटतात. शाळेत कुणीतरी हसलेलं असतं, मग मूल वर्गात तोंड उघडत नाही आणि घरी मात्र चाळीस माणसांचा गलका कापून बोलतं. तो घरचा आवाज खरा. त्याला हात लावायचा नाही.

आपल्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. कोळी स्वतःला ‘कोली’ म्हणतो, पाण्याला ‘पानी’ म्हणतो. हा दोष नाही, ही बोली आहे. पण आकाशवाणीच्या स्वरचाचणीत प्रमाण मराठीची संहिता वाचायला देतात आणि तिथे ‘बाळ’ व ‘बाल’ वेगळे ऐकू यावे लागतात. म्हणून दोन्ही यायला हवं, आणि कधी काय बोलायचं हे आपण ठरवायला हवं.

रोज सकाळी दात घासल्यावर दहा मिनिटं हा सराव करा. जोड्या मोठ्याने म्हणा: मन, मण. बाल, बाळ. चाल, चाळ. कल, कळ. पान, पाणी. ‘ण’ म्हणताना जिभेचं टोक टाळूकडे वळतंय का, ते तपासा. मग ‘च’ आणि ‘ज’चे दोन उच्चार घ्या. गाडीचं चाक आणि भाजी चिरायचा चाकू, यांतला ‘च’ एक नाही. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे पाण्याचं भांडं, यांतला ‘ज’ एक नाही. त्यानंतर ‘श’ आणि ‘स’: शाळा, साळी, शेवट, सवय. शेवटी आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या आणि सावकाश वाचा. वाचताना प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारा. नव्या वाचकांचा आवाज वाक्याच्या शेवटी बुडतो आणि मराठीत क्रियापद शेवटी असतं, म्हणजे नेमकी महत्त्वाची गोष्ट बुडते. ‘जाऊ नका’ आणि ‘जाऊ’ यांतला फरक त्या शेवटच्या दोन अक्षरांवर असतो.

सराव झाला की तोच परिच्छेद आता आपल्या बोलीत सांगा. न वाचता, आजीला सांगतोय असं समजून. हे रोज करा. यामुळे दोन गोष्टी होतात. प्रमाण भाषा वाचताना येणारा ताठरपणा जातो, आणि बोली हलकी समजायची सवय मोडते. पुढे सामुदायिक रेडिओवर किंवा लोककलेच्या कार्यक्रमात तुम्हाला बोलावतील ते या दुसऱ्या भाषेसाठी. ती सहज बोलणारे तुमच्याएवढे कुणी नसतील.

रेडिओ निवेदक अमीन सायानी यांचं उदाहरण इथे कामाचं आहे. ते मुंबईचेच. तरुणपणी आकाशवाणीच्या हिंदी निवेदनाच्या चाचणीत त्यांना नाकारलं गेलं, कारण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा होती. आई कुलसुम सायानी यांच्या ‘रहबर’ या पाक्षिकाच्या कामात त्यांनी सोपी हिंदुस्तानी घटवली होती. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर त्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा तीच सोपी भाषा घराघरात पोचली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि फिती विमानाने कोलंबोला जायच्या. पहिल्या चाचणीत नकार आला म्हणून कुणी थांबणार असेल, तर त्याने एवढं आठवावं.

आणि एक करू नका: आवाज मुद्दाम जाड करून, घशातून काढून बोलू नका. त्याला सगळे ‘रेडिओचा आवाज’ म्हणतात. तो पंधरा मिनिटांत दमतो आणि ऐकणाऱ्यालाही दमवतो. बारीक आवाज चालतो, घोगरा चालतो, खोटा चालत नाही.

पायरी 3: घरातच स्टुडिओ करा

दांड्यात शांत जागा नाही ही तक्रार खरी आहे. विमानं, बर्फ फोडण्याचा आवाज, मोटारसायकली, शेजारच्या घरातली मालिका. तरीही जागा सापडते. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, नाहीतर रात्री अकरानंतर. कपड्यांचं उघडं कपाट समोर घ्या, त्याच्या दोन दारांवरून गोधडी टाका आणि आत तोंड करून बसा. कपडे आवाज शोषतात, खोलीचा घुमारा जातो. फरशीवर सतरंजी घाला. पंखा बंद. फ्रीजचा प्लग काढा, आणि काम झालं की परत लावायला विसरू नका, आत मासे असतील.

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. तोंडापासून एक वीत लांब, आणि समोर नाही तर थोडा बाजूला धरा. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसतो आणि ध्वनिमुद्रणात धप्प असा आवाज येतो. ‘भाऊ, भरती, फावडं, पाऊस’ हे चार शब्द म्हणून बघा. धप्प ऐकू आला तर मोबाइल आणखी बाजूला.

बोलायच्या आधी दहा सेकंद काहीही न बोलता ध्वनिमुद्रण चालू ठेवा. ही खोलीची शांतता पुढे कापाकापीत लागते. चूक झाली तर थांबवू नका. एक टाळी वाजवा, तेच वाक्य सुरुवातीपासून परत म्हणा आणि पुढे जा. टाळीची उभी रेघ सॉफ्टवेअरमध्ये लांबूनच दिसते, तिथे कापायचं. ऑडॅसिटीत आवाजाची सर्वांत उंच लाट उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. फाइलला तारीख आणि विषय असं नाव द्या. ‘नवीन 1’, ‘फायनल’, ‘फायनल फायनल’ अशी नावं ठेवलीत तर महिन्याभरात काहीच सापडणार नाही.

कागदाचा आवाजही रेकॉर्ड होतो. म्हणून संहिता सुट्या पानांवर लिहा, पान एकाच बाजूने वापरा, आणि वाक्य पानाच्या शेवटी अर्धं सोडू नका. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, हलकेच बाजूला सरकवायचं.

पायरी 4: कानासाठी लिहा

निवेदक आयत्या वेळी सुचेल ते बोलतो असं बाहेरून वाटतं. चांगले निवेदक लिहितात. मराठीत सहज बोलण्याचा वेग मिनिटाला 110 ते 120 शब्दांच्या आसपास बसतो. म्हणजे दोन मिनिटांचं बोलणं साधारण 230 शब्दांचं. आधी हे गणित जिरवा.

आता एक नमुना. हवामान खात्याचा इशारा साधारण अशा भाषेत असतो:

‘दक्षिण-पश्चिम दिशेकडून ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची, तसेच वाऱ्यांचा वेग मधूनमधून ताशी 65 किलोमीटरपर्यंत जाण्याची शक्यता असून मच्छीमारांनी या कालावधीत समुद्रात जाऊ नये, असा सल्ला देण्यात येत आहे.’

हे जसंच्या तसं वाचलंत तर जाळं शिवणारा माणूस पहिल्या ओळीलाच कान काढून घेईल. त्याला हवी ती गोष्ट अगदी शेवटी आहे. तेच असं लिहा:

‘उद्या आणि परवा होडी दर्यात काढू नका. नैर्ऋत्येचा वारा सुटणार आहे, ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न किलोमीटरचा. मधूनच पासष्टवर जाईल. कुलाब्याच्या हवामान केंद्राने हा इशारा दिलाय. परत सांगते, उद्या आणि परवा, होडी काढू नका.’

काय बदललं ते नीट पाहा. काय करायचं ते आधी आलं. एका वाक्यात एकच गोष्ट राहिली. आकडे अक्षरांत लिहिले, म्हणजे वाचताना जीभ अडखळत नाही. सांगणारा कोण ते स्पष्ट झालं, कारण इशारा कुणी दिला हे कळल्याशिवाय कुणी नांगरलेली होडी नांगरलेलीच ठेवणार नाही. आणि मुख्य गोष्ट दोनदा आली. छापलेला मजकूर माणूस मागे जाऊन वाचतो, रेडिओवर मागे जाता येत नाही. एक मात्र बदलायचं नाही: आकडा. 55 ला ‘साठेक’ म्हणू नका. समुद्राच्या स्थितीचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते, इशारे हवामान खातं देतं. दोन्ही रोज वाचा आणि रोज एका अंदाजाचं असं बोलकं रूप करा. दांड्यातल्या एखाद्या जाणत्या तांडेलाला वाचून दाखवा. त्या वाऱ्याला तो कुठलं नाव देतो ते विचारा आणि तुमच्या संहितेत ते नाव घाला.

लिहून झालं की उभं राहून मोठ्याने वाचा. जिथे श्वास कमी पडतो तिथे वाक्य तोडा. जिथे हसू येतं किंवा लाज वाटते, ते वाक्य तुमचं नाही, कुठूनतरी ऐकलेलं आहे. खोडा. ‘रसिक श्रोतेहो’ तर सरळ काढून टाका. एका माणसाशी बोला. मला विचाराल तर कोळंबी सोलत बसलेल्या एका बाईशी. तिचे हात ओले आहेत, केंद्र बदलायला ती उठणार नाही, पण कंटाळली तर ऐकणं बंद करेल.

पायरी 5: पहिली मुलाखत दांड्यातच घ्या

1 जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नाखवा, तांडेल, खलाशी घरी भेटतात. बोलायला हाच हंगाम. मासळी विकणाऱ्या मावशींकडे मात्र सकाळी जाऊ नका. बाजार उठल्यावर, जेवण झाल्यावर जा.

आधी परवानगी घ्या, आणि आवाज कुठे वापरणार ते सांगा. मोबाइल समोरच्याच्या हातात देऊ नका, स्वतः धरा. आवाजाची पातळी बघण्यासाठी पहिला प्रश्न ‘आज जेवायला काय होतं?’ हा विचारा. दोन मिनिटांत माणूस मोकळा होतो. ज्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येतं तो प्रश्न विचारायचा नाही. ‘पूर्वी मासळी जास्त मिळायची का?’ हा वाया गेलेला प्रश्न. ‘तुम्ही पहिल्यांदा टोपली घेऊन बाजारात गेलात, त्या दिवशी टोपलीत काय होतं?’ हा चांगला. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूबद्दल विचारायचं असेल तर मत विचारू नका, ‘तुमची होडी आता कुठल्या वाटेने बाहेर जाते?’ असं विचारा. मत आपोआप येईल, आणि त्यात माहितीही असेल.

समोरचा बोलत असताना ‘हं, हं, अच्छा’ म्हणू नका. तो आवाज कापता येत नाही. मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या. उत्तर संपलं असं वाटलं तरी मनात तीन मोजा. बहुतेक वेळा खरं उत्तर त्या तीन आकड्यांनंतर येतं. एखादी मावशी रागाने बोलली तर राग राहू द्या. तिचं ‘पानी’ दुरुस्त करून स्वतःच्या आवाजात वाचू नका.

उठण्यापूर्वी त्या जागेचे आवाज वेगळे टिपा, प्रत्येकी अर्धा मिनिट. कोयत्याने मासा कापण्याचा, बर्फाच्या लादीवर पडणाऱ्या घावाचा, होडीचं इंजिन सुरू होतानाचा, भरतीचा. मग पंधरा मिनिटांच्या बोलण्यातून चार मिनिटं काढा. काय ठेवलं आणि काय टाकलं यातून निवेदक ओळखू येतो. अशा सहा मुलाखती झाल्या की तुमच्याकडे दाखवण्यासारखं काम असेल, आणि ते मुंबईत दुसऱ्या कुणाकडे नसेल.

पायरी 6: दारं ठोठवा

सोपं दार आधी. विद्यापीठाचा ‘मस्ट रेडिओ’ 107.8 वर, कालिन्यातून चालतो. असे सामुदायिक रेडिओ स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात, आणि तिथे माइकच नव्हे तर मिक्सर, वेळापत्रक, तांत्रिक बिघाड, सगळं हाताखालून जातं. दांड्याच्या शेजारच्या ‘जागो मुंबई’शीही बोलून पाहा. कार्यक्रमाची कल्पना तोंडी सांगू नका, तुमची चार मिनिटांची फाइल ऐकवा.

आकाशवाणीचा रस्ता लांब पण पक्का आहे. 15 ते 30 वर्षांच्या मुलांसाठी ‘युववाणी’ असते. तिथे एखाद्या विषयावर बोलायला, चर्चेला जाता येतं. पुढे नैमित्तिक निवेदकांसाठी केंद्र अधूनमधून अर्ज मागवतं. आधी लेखी परीक्षा, मग स्वरचाचणी, मुलाखत, आणि निवड झाल्यावर ‘वाणी’ नावाचा प्रशिक्षणक्रम. स्वरचाचणीत संहिता वाचन, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर बोलणं, गायक-संगीतकारांची नावं बिनचूक उच्चारणं, असं सगळं तपासतात. अमराठी नावांचा सराव करा. बेगम अख्तर, मल्लिकार्जुन मन्सूर, एम. एस. सुब्बुलक्ष्मी ही नावं न अडखळता म्हणता आली नाहीत तर बाकी कितीही छान वाचलंत तरी उपयोग नाही. नाट्यवाचनाची आवड असेल तर नाट्यकलाकारांची चाचणी वेगळी असते. तिथे ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ अशा श्रेणी मिळतात.

खासगी एफएमला दोन मिनिटांचा नमुना लागतो. त्यात तीन लिंक, म्हणजे निवेदकाच्या बोलण्याचे छोटे तुकडे, ठेवा: एक शहराबद्दल, एक गाण्याआधीची, एक श्रोत्याशी फोनवरच्या बोलण्याची. पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही कोण ते कळलं पाहिजे. मुंबईतली मोठी केंद्रं मुख्यतः हिंदीत बोलतात, म्हणून हिंदीचाही सराव लागेल. पण मराठीची गरज संपलेली नाही. 2017 मध्ये एफएम निवेदिका मलिष्काने खड्ड्यांवर केलेलं ‘सोनू’ या गाण्याचं विडंबन मराठीत होतं आणि त्यावर महापालिकेपर्यंत वादळ उठलं. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. तेव्हा बातमीदारी करायची असेल तर वाट वेगळी आहे, हे आधीच समजून घ्या. पहिली नोकरी निवेदकाची मिळेलच असं नाही. जाहिरातीची संहिता लिहिणं, कार्यक्रम निर्मितीत मदत, हेही घ्या. कोल्हापूर, सांगली, नाशिक, सोलापूर, जळगाव इथल्या एफएमवर मराठीत रोज तीन-चार तास बोलायला मिळतं. घर सोडून वर्षभर तिकडे राहायची तयारी असेल तर मी म्हणेन, जा.

‘रेडिओत लावून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. अभ्यासक्रमाचं शुल्क ही वेगळी गोष्ट, नोकरीचं शुल्क नसतं.

पायरी 7: पोटाचं आधी ठरवा

नैमित्तिक निवेदकाला पगार नसतो, महिन्यात मिळतील तेवढ्या ड्यूट्यांचं मानधन असतं. त्यावर मुंबईत घर चालत नाही, आणि हे आईवडिलांना सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. गीतमालेसाठी सायानींना सुरुवातीला आठवड्याला 25 रुपये मिळत. नाव झालं ते त्यानंतर.

म्हणून आवाजाची इतर कामं सोबत धरा: जाहिरातींचं निवेदन, डबिंग, बोलकी पुस्तकं, माहितीपटांचं निवेदन, हळदी-लग्नाचं आणि नवरात्राचं सूत्रसंचालन. दांड्यात तर सूत्रसंचालनाला तोटा नाही. नारळी पौर्णिमेच्या मंचापासून सुरू करा. मात्र हळदीच्या रात्री चार तास ओरडून दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीला जाऊ नका. प्रत्येक कामाचं काय ठरलं ते लिहून घ्या, निदान मोबाइलवर संदेश तरी. आवाज किती काळ आणि कुठे वापरणार हे त्यात यायला हवं.

पायरी 8: दांड्याचा स्वतःचा रेडिओ

ही पायरी एकट्याने चढायची नाही. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये सांगितलं. सामुदायिक रेडिओ आधी शिक्षणसंस्थांना मिळाला, 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही. संस्था किमान तीन वर्षं जुनी, नोंदणीकृत आणि स्थानिक कामाची असावी लागते. प्रक्षेपणाची शक्ती 100 वॉटपर्यंत, मनोऱ्याची उंची 30 मीटरपर्यंत, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक. म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ असंच 90.4 वर चालतं. तमिळनाडूत पांबन बेटावर मच्छीमारांनी मच्छीमारांसाठी चालवलेला ‘कडल ओसै’ 2016 पासून आहे. खारदांड्याची मच्छीमार सोसायटी, महिला मंडळं आणि शिकलेली मुलं एकत्र आली तर आपल्याला अशक्य काय आहे?

परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं गुन्हा आहे, त्यामुळे विकत मिळणारे छोटे ट्रान्समीटर आणून प्रयोग करू नका. त्याऐवजी आठवड्याचा दहा मिनिटांचा कार्यक्रम करा आणि दांड्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवा. त्यात हवामान, मासळीचे भाव, हरवलं-सापडलं, एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आणि एक गाणं, तेही गावातल्याच कुणी म्हटलेलं. ठरलेला वार, ठरलेली वेळ, एकदाही न चुकवता. परवान्याच्या अर्जावेळी हे वर्षभराचं काम संस्थेच्या बाजूने बोलेल.

पायरी 9: आपलंच ऐका

हे सगळं चालू असताना महिन्यातून एकदा आपला एक कार्यक्रम पूर्ण ऐका, तोही त्या महिन्यातला सगळ्यात साधा. सोबत घरातलं असं माणूस बसवा जे तुमचं उगाच कौतुक करणार नाही. बोलू नका, समजावू नका. त्याच्याकडे बघा. ज्या क्षणी त्याचा हात स्वतःच्या मोबाइलकडे जातो, तो मिनिट आणि सेकंद वहीत लिहा. मग संहिता काढा, त्या जागेच्या आधीची तीन वाक्यं शोधा, आणि पुढच्या कार्यक्रमाआधी ती नव्याने लिहा.